फोन न उचलणाऱ्यांचा रकाना

फोन उचलला नाही म्हणजे माणूस कामावर आहे, असं मी एका सरकारी अहवालात लिहिलं. इतक्या उघड शब्दांत नाही, अर्थात. 'प्रतिसाद न दिलेल्यांपैकी बहुतांश व्यक्ती सर्वेक्षणाच्या वेळी रोजगारात असण्याची शक्यता अधिक आहे,' असं लिहिलं. वाक्य माझंच. व्याकरण शुद्ध, विरामचिन्हं जागच्या जागी. आता ते वाचलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या एखाद्या गावात हे वाक्य कुणाला सुचलंच नसतं. आमच्याकडे, पिंपरीपासून चाकणपर्यंत, ते कुणालाही पटतं. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर लॉकर असतात. शिफ्टला जाताना फोन त्यात टाकायचा, सुटल्यावर घ्यायचा. माझा नवरा चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याला दुपारी पाच-सहा वेळा फोन केला आणि रडकुंडीला आले. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाजतोय ना गं? मग झालं तर. वाजतोय म्हणजे लॉकरमध्ये आहे, आणि फोन लॉकरमध्ये म्हणजे तो आत आहे."

त्याआधी माहेरीही तेच. वडील देहूरोडला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. काडेपेटीसुद्धा गेटवर काढून ठेवायची. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हताच, पण आई दिवसभर निवांत असायची. कुणी विचारलं की म्हणायची, "काही झालं असतं तर निरोप आला असता." निरोप नाही म्हणजे सगळं बरं आहे, हे आमचं बाळकडू. त्यावर मी पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी म्हणून विहारात माझा सत्कार झाला, आणि एवढं शिकूनही ते बाळकडू काही उतरलं नाही.

माझं ऑफिस पिंपरीत आहे. सरकारी योजनांचा लोकांना खरोखर उपयोग झाला का, हे आम्ही तपासतो. त्या वेळी आमच्याकडे एका प्रशिक्षण योजनेचं काम होतं. बारावी झालेल्या किंवा कॉलेजात असलेल्या मुलामुलींना सहा महिने कारखान्यात काम शिकवायचं, म्हणजे पुढे त्यांना नोकरी मिळेल, अशी ती योजना. ती आणखी जिल्ह्यांत न्यावी की नाही हे ठरायचं होतं, आणि त्यासाठी आम्हाला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: प्रशिक्षण घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला नोकरी लागण्याची शक्यता किती?

आम्हाला नावांची यादी मिळाली. आम्ही तिघी रोज सकाळी दहापासून फोन लावत बसायचो. एका रकान्यात नोकरी असलेले, दुसऱ्यात नसलेले. तिसरा रकाना फोन न उचलणाऱ्यांचा. तो पहिल्या दोन्हींपेक्षा लांब झाला, पानामागून पान भरत गेला, आणि एके दिवशी आमच्या सरांनी डोक्याला हात लावला. "या लोकांचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना बेकार धरलं तर योजना फसली असं दिसत होतं. सगळ्यांना वगळलं तर अहवाल पोकळ होत होता. मी म्हटलं, "अंदाज करू या की." आणि उठून फळ्यावर लिहायला लागले. आम्ही फोन करतो दिवसा. ज्याला नोकरी आहे तो दिवसा शिफ्टला असण्याची शक्यता मोठी. शिफ्टला असला की फोन लॉकरमध्ये. घरी बसलेल्याच्या हातात फोन असतोच, तो उचलणार. म्हणून न उचलणाऱ्यांत नोकरीवाल्यांचं प्रमाण उचलणाऱ्यांपेक्षा जास्त असलं पाहिजे. तर्क कसा बिनचूक आहे बघा. आजही मला त्यात चूक दाखवायला सांगितलं तर मी फळ्यावर ती दाखवू शकणार नाही. चूक फळ्याच्या बाहेर होती.

मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी कंपनीत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त आमच्यातली एक, लातूरकडची, म्हणाली, "पण मॅडम, गावाकडं गेली असतील तर? आमच्याकडं शेतात गेलं की फोन घरीच ऱ्हातो."

"मग घरचं कुणीतरी उचलेल की," मी म्हटलं.

"घरचेबी शेतातच असतेत की."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसले. त्या मुलीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

मी पडताळणी केली नाही असं मात्र नाही. तेवढी शिकलेली मी आहे. पहिली शिफ्ट दुपारी सुटते, म्हणून साडेतीननंतर मी त्यातल्या काहींना पुन्हा फोन लावले. काहींनी उचलले. "आत्ताच सुटलो, बसमध्ये आहे," असं कुणी म्हणालं की माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं. आणि ज्यांनी तेव्हाही उचलला नाही? ते दुसऱ्या शिफ्टला असणार. संध्याकाळी लावला, उचलला नाही? ते तिसऱ्या शिफ्टचे, झोप काढत असणार. माझ्याकडे तीन शिफ्टा होत्या आणि चोवीस तास त्यात मावत होते. कुठल्याही वेळी न उचललेला फोन माझ्या बाजूनंच साक्ष देत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी तर अशी मुठीमागून मूठ झाकून ठेवली आणि तिची किंमतही स्वतःच ठरवली.

शेवटी माझा अंदाज निघाला: दहातल्या आठ जणांना नोकरी लागते. अहवालात मी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहिली, की न उचलणाऱ्यांबद्दलचं आमचं गृहीतक चुकलं तर हे दहात चारही असू शकतं. ते वाक्य आतल्या पानावर होतं. पहिल्या पानावर आठ.

त्याच दिवसांत एका रविवारी मी देहूरोडला ताईकडे जेवायला गेले होते. ताईची मुलगी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आदल्या वर्षी भावोजींची कंपनी बंद पडली होती आणि घरात सगळे जरा जपून बोलत होते. पोरीच्या मैत्रिणींनी त्या प्रशिक्षणाला नाव घातलं होतं. मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करता कुस्करता तिनं मला विचारलं, "मावशी, तू त्याचंच काम करतेस ना? खरं सांग, लागते का नोकरी?"

"दहातल्या आठ जणांना लागते," मी म्हटलं.

"दहात आठ? दहावीला पण मला एवढे पडले नव्हते!"

सगळे हसलो. ताई हसली नाही. "आणि कॉलेज?" तिनं विचारलं. आमच्या वडिलांनी आयुष्यभर एकच गोष्ट बजावली होती: काय वाटेल ते सोडा, शिक्षण सोडू नका. ती गोष्ट ताईच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती, आणि मला ती जुनाट वाटली, हे मी कबूल करते.

"कॉलेज कुठे पळून जातंय? बाहेरून देईल परीक्षा," मी म्हटलं. "आकडा आहे ताई. मी काढलाय."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आतल्या पानावरचं चार माझ्या तोंडातून निघालंच नाही. सरकारला मी दोन्ही बाजू लिहून दिल्या होत्या. सख्ख्या बहिणीला एकच सांगितली. ताईनं ताटातलं हाड बाजूला काढलं आणि म्हणाली, "तू म्हणतेस तर जाऊ दे." तिच्या त्या 'तू म्हणतेस तर'नं मला तेव्हा बरं वाटलं होतं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पोरगी चाकणला जायला लागली. सकाळी देहूरोडच्या नाक्यावर कंपनीची बस यायची. पहिल्या दिवशी तिनं सेफ्टी शूज घालून घरभर फिरून दाखवलं. ते तिला मोठे होत होते आणि ती त्यात मुद्दाम दणदण चालत होती. महिन्याभरानं तिला प्रेसवर टाकलं. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, बटण दाबायचं, वरून दाब येतो, पत्र्याला आकार येतो, तो काढून घ्यायचा आणि दुसरा ठेवायचा. "मावशी, अगं पापड लाटायला जास्त अक्कल लागते," ती बसमधून फोनवर सांगायची. मी हसायचे.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. बी.कॉम.चे बाहेरून परीक्षेचे अर्ज सुटल्याचं मला कळलं, म्हणून मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. मी समाधानानं फोन खाली ठेवला आणि डबा उघडला. त्या दिवशी डब्यात मेथीची भाजी होती, हेसुद्धा मला आठवतं. कारण फोन तिकडे लॉकरमध्ये वाजत होता आणि ती सकाळी दहापासून दवाखान्यात होती. प्रेसमध्ये हात गेला होता. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची. ताईला निरोप मिळाला दुपारी चार वाजता, कारण ट्रेनींच्या अर्जावर घरच्या नंबराऐवजी त्यांना भरती करणाऱ्या ठेकेदाराचा नंबर होता.

नंतर तिनंच सांगितलं, की हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो, पण तो बंद ठेवलेला होता. चालू असला की माल हळू निघतो. हे तिनं अगदी सहज सांगितलं, पापडाच्या गोष्टीसारखंच. ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती मला एक शब्दही वाकडा बोलली नाही, आजपर्यंत बोललेली नाही. बोलली असती तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

मग मला सुचलं, तेही वरातीमागून घोडं. मी चार दिवस रजा घेतली, फोन न उचलणाऱ्यांच्या रकान्यातले पत्ते उतरवून घेतले आणि चाकणच्या बाजूला फिरले. आजूबाजूच्या गावांत जुन्या घरांच्या मागे कामगारांसाठी खोल्या काढलेल्या आहेत, ओळीनं. बऱ्याच ठिकाणी कुलूप होतं नाहीतर नवीन माणसं होती. एका ठिकाणी खोल्यांचे मालक अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गावातलं जुनं घराणं, टोपी, पांढऱ्या मिशा. मी यादीतल्या मुलाचं नाव सांगितलं.

"त्यो व्हय? कोपऱ्यातल्या खोलीतला. ग्येला की गावाला. ट्रेनिंग सपलं, कंपनीनं घ्येतला न्हाई. लई दिस हितंच बसून व्हता."

"पण आम्ही त्याला फोन करत होतो हो. वाजत होता, उचलत नव्हता."

म्हातारबाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की बाई शिकलेली दिसते आणि एवढंही कळत नाही. "कसा उचलल? हातात फोन धरून बगत बसायचा. म्या इचारलं, घ्ये की रं. तर म्हनला, आबा, त्ये पुन्ना इचारनार, काम लागलं का म्हनून. लाज वाटती ओ पोरांना."

मी तिथंच ओट्यावर टेकले. त्यांनी नातीला पाणी आणायला सांगितलं. फळ्यावर मी सगळं मांडलं होतं: शिफ्ट, लॉकर, वेळ. लाज मांडली नव्हती. घरी बसलेल्याच्या हातात फोन असतो, हे माझं बरोबर होतं. म्हणून तो उचलणार, हे चूक. ज्याला सांगण्यासारखं काही आहे तो उचलतो, बसच्या गोंगाटातून ओरडून सांगतो. ज्याच्याकडे सांगायला काही नाही तो वाजणाऱ्या फोनकडे बघत बसतो, आणि आम्ही पिंपरीत बसून त्याला नोकरी देतो. माझा सगळा अंदाज उलटा होता. चुकीचा नव्हे, उलटा.

मी सरांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. असते तर सोपं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती घरी गेलात?"

मी सांगितलं.

"एवढ्यावरून? तेव्हा तुम्ही म्हणालात कामावर आहेत, आता म्हणता गावी आहेत. दोन्ही अंदाजच ना मॅडम?"

"हो. पण हा अंदाज बघून आलेय मी."

"अहवाल जाऊन पाच महिने झाले," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "पुरवणी पाठवू. द्या लिहून."

मी पुरवणी लिहायला बसले आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या दिवशी पहिल्यांदा मी यादीच्या वरची ओळ नीट वाचली. 'प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांची यादी.' पूर्ण केलेल्या. म्हणजे जे मधेच गेले, ज्यांना काढलं, ज्यांचा हात चौथ्या महिन्यात मशीनमध्ये गेला, ते यादीत नव्हतेच. पुढच्या वर्षी नवी यादी येईल, तिच्यातही माझी भाची नसेल. नोकरी लागलेल्यांत नाही, न लागलेल्यांत नाही, फोन न उचलणाऱ्यांतही नाही. मी हयातभर शक्यता मोजत बसले तरी ती माझ्या बेरजेत कधीच येणार नाही. मी टेबलावर डोकं टेकून रडले. लातूरकडची ती मुलगी चहा घेऊन आली, माझ्याजवळ ठेवला आणि तिच्या जागेवर जाऊन फोन लावायला लागली.

पुरवणी गेली. पोहोचल्याचं एका ओळीचं उत्तर आलं. योजना पुढच्या जिल्ह्यांत गेली. ती माझ्या आकड्यामुळे गेली असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं झालं. नवरा मला तेच सांगतो. "तू आठऐवजी चार लिहिलं असतंस तरी गेलीच असती." शक्य आहे. किती शक्य आहे ते मी काढत नाही. माझा त्या कामावरचा विश्वास उडालाय, आणि तरी मी रोज दहाला जाऊन तेच काम करते, कारण दुसरं मला काही येत नाही. पुरावा तपासून धोरण ठरवावं, हे आम्ही लोकांना प्रशिक्षणात शिकवतो. पुरावा तपासणाऱ्यांच्या घरी कोण बसलंय, त्यांना काय खरं वाटलेलं हवंय, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला माहीत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण दळणारी मीच होते आणि मला डोळे होते.

गेल्या महिन्यात पोरीनं पुन्हा कॉलेजला नाव घालायचं ठरवलं. अर्ज भरायला मी गेले. जखम भरली आहे, पण उजव्या हातानं पेन धरता येत नाही, म्हणून ती डाव्या हातानं लिहायला शिकतेय. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी मोठी आणि वाकडी येतात. मी म्हटलं, दे मी भरते. ती नाही म्हणाली. परीक्षेला लेखनिक हवा असेल तर त्याचं कारण लिहायचं होतं. तिनं जीभ दातांत धरून 'अपघात' एवढा शब्द लिहिला आणि त्यातच रकाना भरला. ताई स्वयंपाकघरात होती. भांडी वाजत होती.

"मावशी," कागदावरून नजर न उचलता ती म्हणाली, "असं लिहून मी पास होईन का गं? किती वाटतं तुला?"

मी तिच्या हाताकडे बघितलं. माझ्या डोक्यात सवयीनं काहीतरी जुळायला लागलं होतं: आधीच्या वर्षांचे मार्क, गेलेलं वर्ष, तीन तास, डावा हात. मी ते तिथंच थांबवलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. "हे तेव्हा म्हणायचं होतंस," ती म्हणाली, आणि पान उलटून दे म्हणून अर्ज माझ्याकडे सरकवला.